परराष्ट्रमंत्र्यांच्या वार्षिक बैठका आणि आपला किनारा

पनवेल तालुक्यातील रोडपाली हे गाव आता नवी मुंबईच्या वाढत्या वसाहतींनी वेढले गेले आहे. जवळच कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, पलीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत आणि त्यांना सांधणारा मुंब्रा-पनवेल मार्ग. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले, तेव्हापासून या परिसरातील रस्त्यांवर कंटेनरवाहू मालमोटारींची रीघ वाढतच गेली आहे. नाशिकची द्राक्षे, लासलगावचा कांदा, मराठवाड्यातील कापसाच्या गाठी, पुण्याकडील यंत्रसामग्री असा नाना प्रकारचा माल या भागातून बंदराकडे जातो.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधील हूती बंडखोरांनी लाल समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतले. पाठोपाठ त्या मार्गाने जाणाऱ्या इतर जहाजांवर हल्ले होऊ लागले. परिणामी अनेक जहाज कंपन्यांनी सुवेझचा जवळचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालण्यास प्रारंभ केला. युरोपला जाणाऱ्या मालाचा प्रवास त्यामुळे साधारणतः दहा ते चौदा दिवसांनी लांबला आणि भाडेही वाढले. २०२४ च्या हंगामात नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला याची झळ लागली. द्राक्ष हे काही पोलाद नव्हे. शीतकंटेनरमध्येसुद्धा त्याचे आयुष्य मोजके असते.

येथे एक साधा प्रश्न उपस्थित होतो. एडनच्या आखाताशी घडलेल्या घटनेचा भार नाशिकच्या शेतकऱ्यावर व रोडपालीजवळून जाणाऱ्या मालमोटारीच्या चालकावर पडत असेल, तर त्याविषयी दाद कोठे मागावयाची? ग्रामपंचायतीचे वा जिल्हा परिषदेचे ते काम नाही. राज्य शासनाचेही नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार परराष्ट्र व्यवहार आणि आंतरराष्ट्रीय परिषदांतील सहभाग हे विषय संघसूचीत मोडतात. उलटपक्षी सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे विषय राज्यसूचीत आहेत. म्हणजे किनाऱ्यावर उतरणाऱ्या संकटाला प्रथम सामोरे जावयाचे ते राज्याच्या पोलिसांनी व किनाऱ्यावरील गावांनी, आणि ते संकट समुद्रापलीकडेच थोपविण्याची बोलणी करावयाची ती केंद्राने. ही बोलणी ज्या अनेक ठिकाणी चालतात, त्यांपैकी एक महत्त्वाचे ठिकाण म्हणजे निरनिराळ्या प्रादेशिक संघटनांच्या परराष्ट्रमंत्र्यांची दरवर्षी भरणारी बैठक. वृत्तपत्रांत तिच्याविषयी दोन दिवस मथळे येतात व नंतर विषय मागे पडतो. तिचे कामकाज प्रत्यक्षात कसे चालते आणि त्यातून काय हाती लागते, याची माहिती मात्र क्वचितच वाचावयास मिळते.

एक टेबल नव्हे, अनेक

भारत अशा किमान पाच मंडळांत सहभागी आहे. त्यांतील दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना, म्हणजे 'सार्क', ही आपल्याला सर्वांत परिचित. बांगलादेशचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांनी १९८० मध्ये तिची कल्पना मांडली. एप्रिल १९८१ मध्ये परराष्ट्र सचिव कोलंबो येथे भेटले. ऑगस्ट १९८३ मध्ये परराष्ट्रमंत्र्यांची पहिली बैठक नवी दिल्लीत झाली आणि डिसेंबर १९८५ मध्ये ढाका येथे राष्ट्रप्रमुखांनी सनदेवर स्वाक्षऱ्या केल्या. प्रथम सचिव, मग मंत्री आणि शेवटी राष्ट्रप्रमुख हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १९८३ च्या त्या दिल्ली बैठकीच्या वेळी भारताचे परराष्ट्रमंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव. मराठी वाचकांना ते दुहेरी नात्याने जवळचे : पुढे दोन वेळा ते रामटेक मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले, आणि हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली.

बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांची 'बिमस्टेक' ही संघटना १९९७ ची. आसियान प्रादेशिक मंचाची पहिली बैठक जुलै १९९४ मध्ये बँकॉक येथे झाली आणि भारत त्यात १९९६ मध्ये सामील झाला. हा मंच केवळ सुरक्षाविषयक विचारविनिमयासाठी असून अमेरिका, चीन, रशिया आणि उत्तर कोरिया हे सर्व त्यात आहेत. परस्परविश्वास वाढविणे, संघर्षाला वेळीच प्रतिबंध करणे आणि शेवटी संघर्ष सोडविण्याचे मार्ग शोधणे अशा तीन पायऱ्या त्याने १९९५ मध्येच आखून ठेवल्या. तीन दशकांनंतरही त्याचे बहुतेक कार्य पहिल्या पायरीवरच घुटमळते आहे, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. हिंदी महासागराच्या काठावरील देशांची 'आयोरा' ही संघटना मार्च १९९७ मध्ये मॉरिशस येथे स्थापन झाली. तिच्याकडे पुढे वळू. पाचवी शांघाय सहकार्य संघटना. तिच्या परराष्ट्रमंत्र्यांची २०२३ ची बैठक आपल्या अगदी शेजारी, गोव्यातील बाणावली येथे भरली होती.

रायगडचा किनारा

बाणावलीकडे जाण्यापूर्वी रायगड जिल्ह्यातील एका जागेचे स्मरण करणे अगत्याचे आहे. श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी या किनाऱ्यावरील गावी १९९३ च्या आरंभी समुद्रमार्गे स्फोटके उतरविण्यात आली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत जे साखळी बॉम्बस्फोट झाले व ज्यांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत ती वापरली गेली. पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, दहा दहशतवादी समुद्रमार्गेच मुंबईच्या कोळीवस्तीत उतरले आणि १६६ जणांचे प्राण गेले. त्याच दिवशी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री द्विपक्षीय बोलण्यांसाठी दिल्लीत होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

आता यातील विपर्यास पाहा. शेखाडीत स्फोटके उतरली त्याच्या सुमारे पाच वर्षे आधी, नोव्हेंबर १९८७ मध्ये, काठमांडू येथे सार्क राष्ट्रांनी दहशतवादाच्या दमनासंबंधी करारावर स्वाक्षऱ्या केल्या होत्या आणि १९८८ पासून तो अंमलातही होता. करारातील मुख्य तत्त्व स्पष्ट होते. विमान अपहरण, ओलीस धरणे, स्फोटकांनी निरपराधांची हत्या इत्यादी गुन्हे 'राजकीय' ठरवून गुन्हेगाराला आश्रय देता येणार नाही. त्याला एक तर मागणाऱ्या देशाच्या स्वाधीन करावे, नाही तर आपल्याच न्यायालयात त्याच्यावर खटला भरावा. तत्त्व निर्दोष होते. तथापि, त्याची अंमलबजावणी प्रत्येक देशाच्या स्वतंत्र कायद्यावर आणि इच्छेवर सोपविलेली होती. करार मोडणाऱ्याला जाब विचारणारी कोणतीही यंत्रणा सार्ककडे नव्हती. १९९३ च्या स्फोटांतील मुख्य आरोपींपैकी काही जण देशाबाहेर गेले ते आजवर हाती लागलेले नाहीत.

मग अशा करारांचा उपयोग काय, असे एखादा पंचायत सदस्य विचारील, आणि त्याचे विचारणे रास्तच आहे. उत्तर असे की, करारामुळे गुन्हेगार आपोआप हाती येत नाही. परंतु करार नसता तर मागणी करण्यास आधारही राहिला नसता. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये कोलंबो येथे सार्कच्या मंत्रिपरिषदेने दहशतवादविरोधी सहकार्याविषयी स्वतंत्र जाहीरनामा काढला. त्यावर पाकिस्तानचीही संमती होती. आपण ज्याला शब्द म्हणून हिणवतो, तोच शब्द पुढच्या बैठकीत समोरच्यापुढे ठेवता येतो.

बाणावली, मे २०२३

शांघाय सहकार्य संघटनेचा उगम १९९६ सालचा. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर चीनच्या पश्चिम सीमेवर रशियासोबत कझाकस्तान, किर्गिझस्तान व ताजिकिस्तान हे नवे शेजारी उभे राहिले. या पाच देशांनी सीमेवरील सैन्याविषयी विश्वास निर्माण करण्याकरिता बोलणी सुरू केली. १५ जून २००१ रोजी उझबेकिस्तानसह संघटना स्थापन झाली. तिचे सचिवालय बीजिंग येथे असून दहशतवादविरोधी यंत्रणेचे कार्यालय ताश्कंद येथे आहे. भारत २००५ पासून निरीक्षक होता आणि जून २०१७ मध्ये पाकिस्तानसह पूर्ण सदस्य झाला.

संघटनेच्या सनदेत परराष्ट्रमंत्र्यांच्या परिषदेचे काम नेमकेपणाने सांगितले आहे : संघटनेच्या दैनंदिन कामकाजाचा विचार करणे, राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीची पूर्वतयारी करणे आणि आंतरराष्ट्रीय प्रश्नांवर विचारविनिमय करणे. राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीच्या साधारणतः एक महिना आधी तिने भरावे, असा संकेत आहे. तिच्या खाली राष्ट्रीय समन्वयकांची परिषद असते व ती वर्षातून किमान तीनदा बसते. आपल्या पंचायत राज्याच्या भाषेत सांगावयाचे तर, सर्वसाधारण सभेपुढे ठराव येण्यापूर्वी विषय समितीत त्याची जी छाननी होते, तसेच हे आहे. फरक इतकाच की, येथे बहुमत चालत नाही. एकाही सदस्याने हरकत घेतली तर निर्णय होत नाही. सात गावांची संयुक्त पाणीयोजना आणि प्रत्येक सरपंचाला नकाराधिकार, अशी स्थिती कल्पून पाहिली म्हणजे समन्वयकांच्या कामाची अवघडता ध्यानी येईल.

सप्टेंबर २०२२ मधील समरकंद परिषदेनंतर अध्यक्षपद भारताकडे आले. त्यानुसार ४ व ५ मे २०२३ रोजी बाणावली येथे आठ सदस्य राष्ट्रांचे परराष्ट्रमंत्री एकत्र आले. अध्यक्षस्थानी भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर होते. चीनचे छिन गांग, रशियाचे सर्गेई लावरोव्ह आणि पाकिस्तानचे बिलावल भुट्टो झरदारी उपस्थित होते. २०११ नंतर पाकिस्तानचा परराष्ट्रमंत्री भारतात प्रथमच आला होता. साहजिकच सारे लक्ष एका प्रश्नावर खिळले, ते म्हणजे उभय मंत्री हस्तांदोलन करतात की नाही. जयशंकर यांनी हात जोडून नमस्कार केला, पाहुण्यांनीही तसाच केला, आणि त्या नमस्काराच्या अर्थावर रकानेच्या रकाने खर्ची पडले. (गोव्यात आणि महाराष्ट्रात नमस्कार ही पाहुण्याच्या स्वागताची नित्याची रीत आहे, हे भाष्यकारांच्या ध्यानी आले नसावे.)

सभागृहात काय झाले ते अधिक महत्त्वाचे. दहशतवादाला, सीमेपलीकडून होणाऱ्या दहशतवादासह, कोणतेही समर्थन असू शकत नाही व त्याचा आर्थिक पुरवठा भेदभाव न करता रोखला पाहिजे, ही भूमिका अध्यक्षांनी पाकिस्तानच्या मंत्र्यांसमक्ष मांडली. भारत-पाकिस्तान यांची स्वतंत्र बैठक मात्र झाली नाही. त्याच दिवशी, ५ मे रोजी, जम्मू-काश्मीरमधील राजौरी जिल्ह्यात दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीत भूसेनेचे पाच जवान शहीद झाले. सायंकाळच्या पत्रकार परिषदेत जयशंकर यांनी अतिशय कठोर शब्द वापरले.

या गदारोळात तीन गोष्टी मागे पडल्या. एक, इराण व बेलारूस यांच्या सदस्यत्वाची प्रक्रिया पुढे सरकली. जुलै २०२३ मध्ये इराण आणि जुलै २०२४ मध्ये बेलारूस पूर्ण सदस्य झाले. इराणमधील चाबहार बंदरातून मध्य आशियाकडे जाण्याचा मार्ग भारताला महत्त्वाचा वाटत आला आहे, त्या दृष्टीने इराणचे सदस्यत्व नुसती औपचारिकता नाही. दोन, नवउद्योग व नवकल्पना या विषयासाठी एक आणि पारंपरिक वैद्यकासाठी एक, असे दोन नवे कार्यगट भारताच्या पुढाकाराने निर्माण झाले. तीन, संघटनेच्या रशियन व चिनी या दोन अधिकृत भाषांबरोबर इंग्रजीला तिसरे स्थान मिळावे, ही मागणी भारताने पुन्हा मांडली. भाषेचा हा मुद्दा किरकोळ वाटेल. परंतु मसुदा ज्या भाषेत प्रथम लिहिला जातो, त्या भाषेच्या जाणकाराचा वरचष्मा राहतो. महसूल खात्यातील जुनी मोडी दस्तऐवजे ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको.

निवेदन कसे वाचावे

अशा बैठकीचे अंतिम फळ म्हणजे एक दस्तऐवज : संयुक्त निवेदन, जाहीरनामा किंवा निर्णयांची यादी. शाळांतून नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांनी एखादे निवेदन वर्गात वाचून पाहावे. त्यातील क्रियापदे बोलकी असतात. 'नोंद घेतली' याचा अर्थ बहुधा विषय निघाला, मतैक्य झाले नाही. 'स्वागत केले' म्हणजे खर्च कोणी करावयाचा हे अद्याप ठरलेले नाही. 'निर्णय घेतला' आणि त्यापुढे तारीख अथवा कार्यालयाचे नाव असेल, तर तेथे काही तरी प्रत्यक्ष घडणार आहे. कर्त्याकडेही लक्ष द्यावे. 'सदस्य राष्ट्रे' असा कर्ता असेल तर सर्वांची संमती आहे. देशांची नावे एकेक करून दिली असतील तर ज्याचे नाव त्या यादीत नाही, तो देश बाजूला राहिला आहे, असे समजावे.

याचे ठळक उदाहरण ४ जुलै २०२३ च्या नवी दिल्ली जाहीरनाम्यात आढळते. दूरदृश्य प्रणालीद्वारे झालेल्या या शिखर बैठकीचा मसुदा बाणावलीच्या वाटेनेच तयार झाला होता. चीनच्या 'पट्टा आणि मार्ग' या प्रकल्पाला पाठिंबा देणाऱ्या परिच्छेदात इतर सदस्यांची नावे आहेत, भारताचे नाव नाही. हा प्रकल्प पाकव्याप्त काश्मीरमधून जात असल्याने भारताचा त्यास विरोध आहे. सर्वसंमतीच्या नियमामुळे भारताला सबंध जाहीरनामा अडवून धरता आला असता. तसे न करता केवळ आपले नाव बाहेर ठेवण्यात आले, आणि उर्वरित मजकुरावर सर्वांच्या स्वाक्षऱ्या झाल्या.

दोन वर्षांनी याच नियमाची दुसरी बाजू दिसली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यांत महाराष्ट्रातील सहा पर्यटक होते. जून २०२५ मध्ये चीनमधील छिंगदाव येथे संघटनेच्या संरक्षणमंत्र्यांची बैठक झाली. संयुक्त निवेदनाच्या मसुद्यात पहलगामचा उल्लेख नव्हता. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी स्वाक्षरी करण्यास नकार दिला आणि निवेदन निघालेच नाही. जुलैमध्ये तिआनजिन येथे परराष्ट्रमंत्री भेटले, आणि ऑगस्टअखेर व सप्टेंबरच्या आरंभी तेथेच झालेल्या शिखर परिषदेच्या जाहीरनाम्यात पहलगाम हल्ल्याचा नाव घेऊन निषेध करण्यात आला. जूनमधला नकार आणि सप्टेंबरमधला निषेध या दोहोंच्या मधले दोन महिने मसुद्यातील वाक्याभोवती खर्च झाले असले पाहिजेत. मारेकऱ्यांना शिक्षा देण्याचे काम अर्थातच कोणत्याही वाक्याने होत नाही. तरीपण पाकिस्तान ज्या दस्तऐवजाला बांधील आहे, त्यात तो शब्द आला, याचे मोल मुत्सद्देगिरीत असते.

बैठकी बंद पडतात तेव्हा

सार्कच्या बाबतीत उलट घडले. तिची अठरावी शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडू येथे झाली. एकोणिसावी नोव्हेंबर २०१६ मध्ये इस्लामाबाद येथे व्हावयाची होती. सप्टेंबरमध्ये उरी येथील सैन्यतळावर हल्ला झाला, भारताने सहभागास नकार दिला, इतरही काही राष्ट्रांनी तीच भूमिका घेतली, आणि परिषद बारगळली. ती आजतागायत झालेली नाही. परराष्ट्रमंत्री त्यानंतरही काही वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या निमित्ताने न्यूयॉर्कमध्ये अनौपचारिकरीत्या भेटत. २०२० मध्ये ती भेट दूरदृश्य प्रणालीने झाली आणि २०२१ मध्ये रद्द झाली.

भारताचा नकार समर्थनीय होता, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात शंका नाही. शेखाडी आणि मुंबई ज्यांनी पाहिली, त्यांना केवळ रीत म्हणून टेबलाशी बसा असे सांगणे कठीण आहे. परंतु त्याची किंमतही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सार्कच्या सनदेत द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेस घेऊ नयेत, असा नियम आहे. म्हणजे काश्मीरविषयी तेथे बोलणी होणारच नव्हती. जे थांबले ते निराळेच : परस्परांच्या देशांतून मोटारी व आगगाड्या नेण्याचे करार, आपत्ती निवारणातील एकत्रित सराव, व्यापारावरील शुल्क कमी करण्याची पुढची पावले. नेपाळ, भूतान, श्रीलंका व मालदीव या लहान शेजाऱ्यांचे त्यात अधिक नुकसान झाले. त्यानंतर भारताने बंगालच्या उपसागराकडे मोर्चा वळविला. ऑक्टोबर २०१६ मध्ये गोव्यातच बिमस्टेकच्या नेत्यांना पाचारण करण्यात आले, जुलै २०२४ मध्ये तिच्या परराष्ट्रमंत्र्यांची दिल्लीत अनौपचारिक बैठक झाली आणि मे २०२४ पासून तिची सनद अंमलात आली. काठमांडूतील सार्कचे सचिवालय मात्र अद्याप उघडे आहे.

समुद्राकडे

आपल्या किनाऱ्याशी सर्वांत निकटचा संबंध ज्या संघटनेचा, तिचे नाव मात्र सर्वांत कमी ऐकू येते. आयोराचे २३ सदस्य आहेत. तिच्या परराष्ट्रमंत्र्यांची परिषद दरवर्षी भरते. सुरुवातीची अनेक वर्षे ती व्यापाराच्या गोष्टी करीत मंदगतीने चालली. नोव्हेंबर २०११ मध्ये बंगळुरू येथे भारताच्या अध्यक्षतेखाली झालेल्या परिषदेने सागरी सुरक्षा, व्यापार, मत्स्यव्यवसाय, आपत्ती निवारण, विज्ञान व पर्यटन-संस्कृती अशी प्राधान्यक्षेत्रे निश्चित केली आणि सागरी सुरक्षेला अग्रस्थान मिळाले. तो काळ सोमाली चाचेगिरीच्या भराचा होता, आणि चाचे लक्षद्वीपच्या दिशेने सरकत होते.

अशा विचारविनिमयाच्या पाठीशी प्रत्यक्ष काम करणारी यंत्रणा लागते. भारतीय नौदलाने डिसेंबर २०१८ मध्ये गुरुग्राम येथे हिंदी महासागर क्षेत्रासाठी माहिती संकलन केंद्र सुरू केले. तेथे मित्रदेशांचे नौदल अधिकारी आपल्या अधिकाऱ्यांच्या शेजारी बसून जहाजांच्या हालचालींची माहिती परस्परांना देतात. कोणते जहाज कोणत्या मार्गाने चालले आहे, कोणते अकारण थांबले आहे, कोणाचा संपर्क तुटला आहे, असे हे रोजचे रुक्ष काम असते.

त्याचे महत्त्व किती, हे १८ ऑगस्ट २०२२ रोजी रायगडकरांनी अनुभवले. श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्याशी 'लेडी हान' नावाची एक बेवारस नौका आढळली. तिच्यात तीन एके-४७ रायफली व काडतुसे होती. शेखाडीची आठवण असलेल्या तालुक्यात काय घबराट झाली असेल, याची कल्पना करता येईल. जिल्ह्यात नाकेबंदी झाली, गणेशोत्सव तोंडावर होता. परंतु त्याच दिवशी राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांना विधिमंडळात सविस्तर निवेदन करता आले : नौका ऑस्ट्रेलियन नागरिकाच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली, जून महिन्यात भर समुद्रात तिचे इंजिन बिघडले, तेव्हा कोरियन युद्धनौकेने त्यावरील माणसांना वाचवून ओमानच्या स्वाधीन केले, आणि नौका भरकटत इकडे आली. ऑस्ट्रेलिया, ओमान, कोरिया आणि हरिहरेश्वर! समुद्रात शोध व बचावाची क्षेत्रे देशादेशांत वाटून घेतलेली नसती आणि एका देशाची नोंद दुसऱ्याला मिळण्याची सोय नसती, तर ती घबराट एका दिवसाऐवजी कित्येक आठवडे टिकली असती. अर्थात दुसरा प्रश्नही उरतोच. जूनमध्ये सोडून दिलेली सशस्त्र नौका ऑगस्टमध्ये किनाऱ्याला लागेपर्यंत कोणाच्या दृष्टीस का पडली नाही? माहितीच्या देवाणघेवाणीत अजून किती छिद्रे आहेत, हे त्यावरून कळते.

मार्च २०२४ मधील घटना याहून मोठी. डिसेंबर २०२३ मध्ये सोमाली चाच्यांनी पळविलेले 'रुएन' हे मालवाहू जहाज भारतीय नौदलाने १६ मार्च रोजी, सुमारे चाळीस तासांच्या कारवाईनंतर, सोडविले. सतरा खलाशांची सुटका झाली व पस्तीस चाचे शरण आले. २३ मार्च रोजी 'आयएनएस कोलकाता' या युद्धनौकेने त्यांना मुंबईत आणून मुंबई पोलिसांच्या स्वाधीन केले. त्यांच्यावरील कारवाई सागरी चाचेगिरी विरोधी अधिनियम, २०२२ याखाली झाली. नौदल केंद्राचे, गुन्हा भर समुद्रात घडलेला, जहाज परदेशी, आणि कोठडी व तपास राज्याच्या पोलिसांकडे! परराष्ट्र व्यवहार हा विषय संघसूचीत असला तरी त्याचा शेवट कधी कधी मुंबईच्या पोलीस ठाण्यात होतो, तो असा.

श्रीलंकेनंतर आयोराचे अध्यक्षपद २०२५ ते २०२७ या काळासाठी भारताकडे आले. परराष्ट्रमंत्र्यांच्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका आखणे, मसुदे फिरविणे आणि हरकती मिटविणे ही कामे त्यामुळे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे आली. सोमाली किनारा आणि लाल समुद्राचे तोंड हे दोन्ही प्रश्न या परिषदेपुढे यावयाचे, ते केवळ दूरच्या बातम्या म्हणून नव्हे. तिच्या सदस्यांत सोमालिया आहे, आणि येमेनही.